विंट प्रथिनांचे कुटुंब कसे अभ्यासावे : माशीच्या पंखापासून चेतासंधीपर्यंत

१९७३ साली दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत काम करणाऱ्या आर. पी. शर्मा यांनी फळमाशीतील एका नव्या उत्परिवर्तनाची छोटीशी नोंद 'ड्रोसोफिला इन्फर्मेशन सर्व्हिस' या संशोधकांच्या पत्रिकेत दिली. या माशांपैकी काहींना एका बाजूचा पंख नव्हता, काहींना दोन्ही बाजूंचे नव्हते आणि काहींना दोन्ही पंख अगदी धडधाकट होते. त्या उत्परिवर्तनाला त्यांनी 'विंगलेस' हे नाव दिले. १९७६ मध्ये शर्मा आणि व्ही. एल. चोप्रा यांनी त्याचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. एका पेशीने स्रवलेली आणि दुसरीला निरोप देणारी विंट प्रथिने गर्भाची घडण आणि चेतापेशींचे संदेशवहन या दोन्ही गोष्टींवर नियंत्रण ठेवतात. त्यांच्या नावातील पहिला अर्धा भाग या माशीकडून आलेला आहे, ही गोष्ट आपल्याकडच्या वर्गांत क्वचितच सांगितली जाते.

हा लेख जीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान किंवा जैवरसायनशास्त्राच्या पदवी आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी आहे. पाठ्यपुस्तकात विंटची एक बाणांची आकृती असते आणि परीक्षेपुरती ती पाठ होते. परंतु ती पाठ केल्याने एक चुकीची समजूत पक्की होते, ती म्हणजे विंट या निरोपाला ठरावीक अर्थ आहे. प्रत्यक्षात विंट आले एवढ्यावरून पेशी काय करील हे सांगता येत नाही, कारण निरोपाचा अर्थ तो घेणारी पेशी ठरवते. पुढील सर्व पायऱ्या हे स्वतःच्या डोळ्यांनी पडताळून पाहण्यासाठी आहेत. पहिल्या तीन पायऱ्यांना संगणक आणि इंटरनेट पुरते, चौथीला आणि सातवीला एक तक्ता, पाचवीला महाविद्यालयाची साधी प्रयोगशाळा आणि सहावीला पेशीसंवर्धनाची सोय लागते.

पहिली पायरी : नावांचा गुंता सोडवा

१९८२ मध्ये रोएल नुसे आणि हॅरल्ड वार्मस यांना उंदरांच्या स्तनाच्या गाठींत असे आढळले की गाठ निर्माण करणारा विषाणू वारंवार एका विशिष्ट जनुकाजवळच येऊन बसतो. त्या जनुकाला 'इंट-१' म्हटले गेले. १९८७ मध्ये माशीतील विंगलेस आणि उंदरातील इंट-१ ही एकाच पूर्वज जनुकाची दोन रूपे असल्याचे दिसून आले आणि १९९१ मध्ये दोन्ही नावे जोडून 'विंट' हे कुटुंबनाम ठरवण्यात आले. माणसात या कुटुंबाची १९ जनुके आहेत आणि फळमाशीत ७.

एक वही घ्या आणि तिच्यात चार रकाने आखा : प्रथिनाचे नाव, ते कोणती पेशी स्रवते, घेणाऱ्या पेशीवर कोणता ग्राही (निरोप पकडणारे प्रथिन) आहे, आणि ते प्रथिन नसले तर काय बिघडते. तिसरा रकाना रिकामा ठेवण्याचा मोह होतो, कारण बहुतेक लेखांच्या सारांशात ग्राहीचा उल्लेखच नसतो. तरीही मूळ लेख उघडून तो भरावा. कुटुंबाची अद्ययावत यादी नुसे यांच्या प्रयोगशाळेने स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संकेतस्थळावर ठेवलेली आहे, तेथून सुरुवात करणे सोयीचे. जुने लेख वाचताना क्रमांकांवर विसंबू नये. माशीचे आज 'विंट-५' म्हणून ओळखले जाणारे प्रथिन पूर्वीच्या लेखांत 'डी-विंट-३' या नावाने येते, आणि हे लक्षात न आल्यामुळे एकाच प्रथिनाच्या दोन ओळी तक्त्यात भरलेल्या मी अनेकदा पाहिल्या आहेत.

दुसरी पायरी : अनुक्रम शेजारी शेजारी मांडा

युनिप्रॉट या मोफत माहितीसाठ्यात चार प्रथिने शोधा : माणसाचे विंट-१ (नोंद पी०४६२८), विंट-३ए (पी५६७०४), विंट-७ए (ओ००७५५) आणि माशीचे विंगलेस (पी०९६१५). नोंदक्रमांकातील पहिले अक्षर रोमन लिपीत टाइप करावे लागते, आणि शेवटच्या आधीच्या नोंदीतील पहिले चिन्ह 'ओ' हे अक्षर असून शून्य नव्हे, एवढे जपावे. चारही अनुक्रम, म्हणजे त्यांतील अमिनो आम्लांच्या अक्षरांच्या ओळी, फास्टा या साध्या मजकुराच्या स्वरूपात उतरवून घ्या आणि युरोपियन बायोइन्फॉरमॅटिक्स इन्स्टिट्यूटच्या संकेतस्थळावरील क्लस्टल ओमेगा या साधनात एकत्र चिकटवा. काही क्षणांत चारही अनुक्रम एकाखाली एक मांडलेले दिसतील.

या मांडणीकडे घाईने पाहू नका. सर्वप्रथम लांबी पाहा. माणसाच्या विंट-१ मध्ये ३७० अमिनो आम्ले आहेत, विंट-३ए मध्ये ३५२, विंट-७ए मध्ये ३४९ आणि विंगलेसमध्ये ४६८. विंगलेसची जास्तीची लांबी सर्वत्र विखुरलेली नसून तिचा मोठा भाग उत्तरार्धात एका ठिकाणी एकवटलेला आहे, आणि त्या ठिकाणी माणसाच्या तिन्ही प्रथिनांच्या ओळींत आडव्या रेघांची लांबलचक रांग दिसते. त्यानंतर सिस्टीन हे अमिनो आम्ल दर्शवणारे 'सी' हे अक्षर शोधून प्रत्येक उभ्या रांगेवर खूण करा. या कुटुंबात २२ ते २४ सिस्टीन जागच्या जागी टिकून आहेत. माशी आणि माणूस यांच्या वाटा कोट्यवधी वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या, तरी ही गाठबंदी हललेली नाही, कारण सिस्टीनच्या जोड्यांमधील गंधकाचे बंध सुटले तर प्रथिनाची घडीच विस्कटते.

आता एक छोटा तुकडा नजरेखाली घ्या. चारही ओळींत 'सी-के-सी-एच-जी' ही अक्षरे एकामागून एक येतात; त्यानंतरचे अक्षर बदलते, विंट-१ आणि विंगलेसमध्ये ते 'एम', विंट-३ए मध्ये 'एल' आणि विंट-७ए मध्ये 'व्ही'; आणि मग चौघांतही 'एस-जी-एस-सी' येते. यांतील पहिला 'एस', म्हणजे पहिले सेरीन, हे साऱ्या कुटुंबाचे मर्म म्हणता येईल. विंट-१ मध्ये त्याचा क्रमांक २२४ आहे, विंट-३ए मध्ये २०९ आणि विंगलेसमध्ये २३९. पेशीच्या आतच पॉर्क्युपाइन नावाचे विकर या सेरीनला पामिटोलेइक आम्ल हे मेदाम्ल जोडते. त्याशिवाय बहुतेक विंट प्रथिने पेशीबाहेर पडत नाहीत आणि ग्राहीला नीट धरूही शकत नाहीत. माशीचे 'विंट-डी' हा ठळक अपवाद आहे. त्याला मेदाम्ल जोडलेले नसते. विंट-डीचा अनुक्रम मांडणीत पाचवा म्हणून घाला आणि सेरीनच्या जागी काय दिसते ते स्वतः पाहा.

येथे एक सावधगिरी सांगणे आवश्यक आहे. २००३ मध्ये विंट-३ए प्रथमच सक्रिय स्वरूपात शुद्ध करण्यात आले, तेव्हा मेदाम्ल ७७ व्या क्रमांकाच्या सिस्टीनला जोडलेले असते असा निष्कर्ष काढला गेला. २०१२ मधील स्फटिकरचनेत मात्र तेच स्थान दुसऱ्या सिस्टीनशी गंधकबंधाने जखडलेले दिसले. म्हणजे त्या स्थानी बदल केल्यावर प्रथिन निकामी होत होते हे निरीक्षण बरोबर होते. त्याचा लावलेला अर्थ बदलावा लागला. त्यामुळे जुना आढावालेख वाचताना त्याचे वर्ष आधी पाहावे.

तिसरी पायरी : आकार फिरवून पाहा

प्रोटीन डेटा बँकेत '४एफ०ए' ही नोंद उघडा. बेडकाचे विंट-८ आणि उंदराच्या फ्रिझल्ड-८ या ग्राहीचा बाहेरचा भाग यांची ही २०१२ मधील जोडरचना आहे. संकेतस्थळावरच ती माऊसने फिरवता येते. विंटने ग्राहीला दोन बोटांच्या चिमटीत धरल्यासारखे दिसेल. अंगठ्याच्या टोकावर तेच सेरीन आणि त्याला जोडलेले मेदाम्ल असून ते ग्राहीवरील खोबणीत शिरलेले आहे, तर तर्जनी दुसऱ्या बाजूने टेकलेली आहे. मागच्या पायरीत सपाट ओळीत पाहिलेले अक्षर येथे नेमके कोणते काम करते ते दिसते. मेदाम्ल ज्या खोबणीत बसते ती फ्रिझल्ड ग्राहींमध्ये बरीच सारखी आहे. त्यामुळे एका विंटला अनेक फ्रिझल्ड चालतात आणि एका फ्रिझल्डला अनेक विंट. माणसात फ्रिझल्ड १० आहेत. १९ गुणिले १०, म्हणजे १९० संभाव्य जोड्या, हा हिशेब मनात ठेवून पुढे जावे.

चौथी पायरी : घेणाऱ्या पेशीच्या बाजूने तक्ता करा

विंट नसताना पेशीत बीटा-कॅटेनिन हे प्रथिन तयार होत राहते आणि लगेच नष्टही होत राहते. अॅक्सिन, एपीसी, सीके-१ आणि जीएसके-३ या प्रथिनांचा एक गट त्याला पकडतो, त्यावर फॉस्फेटची खूण करतो आणि त्याची विल्हेवाट लागते. विंटने फ्रिझल्ड आणि एलआरपी-५ किंवा ६ हा जोडीचा ग्राही यांना एकत्र आणले की डिशेव्हल्ड हे प्रथिन कामाला लागते, विनाशक गट थांबतो, बीटा-कॅटेनिन साचते, केंद्रकात जाते आणि टीसीएफ प्रथिनांच्या जोडीने जनुके चालू करते. पाठ्यपुस्तकातील आकृती साधारण येथे संपते.

आपल्या तक्त्यात मात्र किमान तीन ओळी आणखी घाला. पेशीवर फ्रिझल्ड आहे, पण निरोप बीटा-कॅटेनिनपर्यंत न जाता पेशीच्या सांगाड्याकडे वळतो, ही पहिली. पेशीवर रिक हा वेगळाच ग्राही आहे, ही दुसरी. रोर हा ग्राही आहे, ही तिसरी. वहीत 'परिणाम' असा पाचवा रकाना जोडून प्रत्येक ओळीसमोर परिणाम लिहा. या तक्त्याच्या डाव्या बाजूस, विंटच्या नावाखाली, तुम्हाला एकच नाव पुन्हा पुन्हा लिहावे लागेल आणि उजवीकडे परिणाम मात्र निराळे येतील.

पाचवी पायरी : गर्भ, माशी आणि हायड्रा

माशीच्या प्रयोगशाळेत जाण्याची संधी मिळाली तर विंगलेसचे मूळ उत्परिवर्तन अवश्य पाहावे. मी पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकाखाली अशी माशी पाहिली तेव्हा पंख तुटला असावा असे समजून ती बाजूला सारली होती. नंतर नीट पाहिल्यावर ध्यानात आले की पंखाच्या जागी तुटल्याची खूण नव्हती. तेथे पाठीचा भाग आणि त्यावरचे केस दुसऱ्यांदा तयार झाले होते, जणू आरशातील प्रतिमाच. पंख गळून पडलेला नव्हता, तर त्या पेशींना पंख होण्याचा निरोपच मिळाला नव्हता आणि त्यांनी दुसरी वाट धरली होती. हे उत्परिवर्तन सौम्य आहे म्हणून माशी जगते. जनुक पूर्ण निकामी असेल तर गर्भ अंड्यातच मरतो; शरीराच्या प्रत्येक खंडातील गुळगुळीत पट्टा नाहीसा होऊन खालची बाजू बारीक दातऱ्यांनी भरून जाते. गर्भातील अशा बिघाडांची पद्धतशीर छाननी क्रिस्टियाने न्युसलाइन-फोलहार्ड आणि एरिक विशाउस यांनी १९८० मध्ये मांडली आणि १९९५ च्या नोबेल पुरस्कारात तिचा गौरव झाला.

पृष्ठवंशी प्राण्यांतील दोन प्रयोग वहीत असलेच पाहिजेत. १९८९ मध्ये बेडकाच्या कोवळ्या गर्भात विंट-१ चा संदेशवाहक आरएनए टोचल्यावर शरीराचा दुसरा अक्ष तयार झाला. १९९० मध्ये विंट-१ नसलेले उंदीर तयार करण्यात आले, तेव्हा त्यांच्या मध्यमेंदूचा आणि अनुमस्तिष्काचा (लहान मेंदूचा) मोठा भाग घडलाच नाही. विंट-१ हे पाठीच्या कण्यातील चेतारज्जूतही तयार होते, परंतु तेथे काही बिघडले नाही, कारण त्याच जागी विंट-३ए हजर असते. दोन्ही जनुके एकाच वेळी काढल्यावर तेथील बिघाड उघड झाले. 'प्रथिन काढले, काही झाले नाही, म्हणून त्याचे तेथे काम नाही' असे विधान या कुटुंबाबद्दल कधीही करू नये.

माशीची सोय नसेल तर हायड्रा हा गोड्या पाण्यातील इवलासा प्राणी घ्या. स्वच्छ तळ्यातील पाणवनस्पतींच्या पानांखाली तो सापडतो. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत हायड्रावर अनेक वर्षे काम झाले आहे आणि 'हायड्रा व्हल्गॅरिस इंड-पुणे' या नावाने पुण्याचा वाण शास्त्रीय साहित्यात नोंदलेला आहे. क्लोरीन नसलेल्या पाण्यात, साधारण १८ ते २० अंश तापमानाला, काचेच्या बशीत हायड्रा ठेवावा आणि आर्टेमिया या खाऱ्या पाण्यातील बारीक जीवाची नुकती बाहेर आलेली पिले खाऊ घालावीत. कापण्याआधी किमान एक दिवस अन्न बंद ठेवावे. तीक्ष्ण पात्याने शुंडकांच्या (तोंडाभोवतीच्या सोंडांच्या) खाली एकच आडवा छेद द्यावा, पाणी बदलावे आणि दर १२ तासांनी चित्र काढावे. छायाचित्रापेक्षा हाताने काढलेले चित्र बरे, कारण त्यासाठी नीट पाहावे लागते. सुमारे दोन दिवसांत वरच्या कडेला शुंडकांची बारीक टोके दिसू लागतात. छेदाच्या जागी विंट जनुक काही तासांतच चालू झालेले असते आणि धडधाकट हायड्रात ते तोंडाच्या टोकाशी सतत चालू असते. डोके कुठे होणार हे तेच सांगते, हे २००० साली प्रसिद्ध झालेल्या कामातून पुढे आले. जीएसके-३ ला अडवणारे अल्स्टरपॉलोन हे द्रव्य पाण्यात घातले तर शुंडके अंगभर उगवतात. मात्र हे द्रव्य अनुभवी मार्गदर्शकाच्या देखरेखीशिवाय हाताळू नये.

सहावी पायरी : पेशींत मोजमाप

येथे बहुतेक चुका होतात, म्हणून थोडे सविस्तर. विंट-३ए स्रवणाऱ्या उंदराच्या एल पेशी आणि तशाच साध्या एल पेशी, अशी जोडी पेशीसंग्रहातून मिळते. दोन्ही एकाच वेळी मागवाव्यात. विंट स्रवणाऱ्या पेशी वाढवताना जी-४१८ हे प्रतिजैविक ठेवतात, पण माध्यम (पेशी ज्या द्रवात वाढतात तो) गोळा करायच्या फेरीत ते काढून टाकतात. पेशी एकास दहा या प्रमाणात पसराव्यात, चार दिवस वाढू द्याव्यात, माध्यम काढून गाळून ठेवावे. ताजे माध्यम घालून आणखी तीन दिवस ठेवावे, तेही गाळावे. आणि दोन्ही सारख्या प्रमाणात मिसळावीत. साध्या एल पेशींचे माध्यम अगदी याच दिवशी, याच पद्धतीने तयार करावे. गेल्या महिन्यात उरलेले माध्यम तुलनेसाठी वापरले तर त्या तुलनेला अर्थ राहत नाही.

विकतचे शुद्ध विंट-३ए वापरणार असाल तर एक बारकावा. मेदाम्लामुळे हे प्रथिन नुसत्या पाण्यात राहत नाही, म्हणून ते चॅप्स या प्रक्षालकासह येते. तुलनेच्या पेशींना तेवढेच चॅप्स घालावे. एका कार्यशाळेत आमच्या गटाने ते घातले नाही आणि पेशींचा आकार बदलल्याचे श्रेय दोन दिवस विंटला देत राहिलो. वास्तविक तो प्रक्षालकाचा परिणाम होता.

मोजण्याच्या दोन रीती आहेत. पहिली म्हणजे वेस्टर्न ब्लॉटने, म्हणजे प्रतिपिंडाने प्रथिन ओळखण्याच्या चाचणीने, बीटा-कॅटेनिन पाहणे. बऱ्याच पेशींत बीटा-कॅटेनिनचा मोठा साठा पेशींना एकमेकींशी जोडणाऱ्या कॅडहेरिन या प्रथिनाला चिकटून पटलाशी असतो आणि त्याचा या निरोपाशी संबंध नसतो. एकूण प्रथिन मोजले तर खरा बदल त्यात बुडून जातो. म्हणून पेशीद्रवातील मोकळा भाग वेगळा करावा, किंवा फॉस्फेटची खूण नसलेल्या बीटा-कॅटेनिनलाच ओळखणारे प्रतिपिंड वापरावे. दुसरी रीत टॉपफ्लॅश. यात डीएनएवर टीसीएफ जेथे बसते त्या जागांपुढे काजव्याचे ल्युसिफरेज, म्हणजे प्रकाश देणाऱ्या विकराचे, जनुक जोडलेले असते. त्या जागा बिघडवलेले फॉपफ्लॅश सोबत असलेच पाहिजे आणि पेशींत डीएनए किती शिरला हे मोजण्यासाठी रेनिला ल्युसिफरेजही. मोठ्या आतड्याच्या कर्करोगातून आलेल्या एसडब्ल्यू ४८० सारख्या पेशी या चाचणीसाठी निवडू नयेत. त्यांच्यात एपीसी बिघडलेले असल्याने बीटा-कॅटेनिन विंटशिवायही साचलेले असते.

आणि टॉपफ्लॅश उजळला नाही म्हणजे विंटचा परिणाम झाला नाही, असे मात्र नाही. ते पुढच्या पायरीत दिसेल.

सातवी पायरी : चेतापेशींच्या ओळी भरा

अनुमस्तिष्कातील ग्रॅन्यूल पेशी विंट-७ए स्रवतात. त्यांच्याकडे येणारे मॉसी तंतू हा निरोप मिळताच आपली पुढे सरकणारी टोके रुंद करतात, वळणे घेतात आणि चेतासंधीची (दोन चेतापेशींच्या जोडाची) प्रथिने तेथे जमा करतात. म्हणजे निरोप येथे उलट दिशेने, संधीच्या पलीकडून अलीकडे येतो. पॅट्रिशिया सालिनास यांच्या गटाने हे १९९७ आणि २००० मधील कामात दाखवले. जीएसके-३ ला अडवणारे लिथियम, जे मनोविकारांवर औषध म्हणून दीर्घकाळ वापरात आहे, ते दिले तरी अक्षतंतूत (चेतापेशीच्या लांब तंतूत) असाच बदल दिसतो. यात जीएसके-३ थांबते खरे, पण अक्षतंतूतील सूक्ष्मनलिकांची पुनर्रचना नवी जनुके चालू न होताच घडते. वरील टॉपफ्लॅश येथे अंधारातच राहील.

माशीच्या स्नायूवरील चेतासंधीत विंगलेस २००२ मध्ये सापडले. जनुक पूर्ण निकामी असलेली माशी अळी होईपर्यंत जगत नसल्याने संशोधकांनी तापमानानुसार चालणारे आणि बंद पडणारे उत्परिवर्तन वापरले, थंड तापमानात गर्भ घडू दिला आणि नंतर तापमान वाढवले. एकाच जनुकाचे लवकरचे आणि उशिराचे काम वेगळे करायचे असेल तेव्हा ही युक्ती आठवावी.

शेवटी चेतारज्जूकडे वळा आणि तक्त्यातील दोन ओळी एकाखाली एक लिहा. सस्तन प्राण्यांच्या चेतारज्जूत विंटचे प्रमाण डोक्याच्या बाजूला अधिक असते. मध्यरेषा ओलांडून मेंदूकडे चढणाऱ्या अक्षतंतूंवर फ्रिझल्ड-३ असते आणि त्यांना विंट ओढून घेते, हे २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. मेंदूच्या बाह्यकापासून खाली उतरणाऱ्या अक्षतंतूंवर रिक असते आणि त्यांना विंट दूर लोटते, त्यामुळे ते शेपटीच्या दिशेने जातात, हे २००५ मध्ये. माशीत रिकचे भावंड डिरेल्ड असून विंट-५ ज्या पट्ट्यातून स्रवते त्या पट्ट्यात डिरेल्ड असलेले तंतू शिरत नाहीत. तेही २००३ मधीलच काम. वहीतील 'परिणाम' या रकान्यात आता एका ओळीत 'ओढते' आणि खालच्या ओळीत 'लोटते' असे येईल. यांतील एक चुकीचे असावे असे वाटून खोडू नका. डावीकडे तिसऱ्या रकान्यात ग्राहीचे नाव भरलेले आहे ना, एवढेच तपासा.